परड्यातल्या झाडांची वही: बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कशी लिहायची

झाडांची माहिती आता फोनवर पाहिजे तेवढी मिळते, मराठीत मिळते, कन्नडात मिळते, पण त्यातली बरीचशी पुण्या-नाशिककडच्या नाहीतर बेंगळूरकडच्या हवेची असते आणि आपला भाग असा आहे की कणकुंबीकडं वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतोय आणि त्याच जिल्ह्यात अथणीकडं पाच-सहाशेवर भागवावं लागतंय. बेळगाव शहर ह्या दोन्हीच्या मधे कुठंतरी. मातीचंही तसंच, खानापूरच्या बाजूला जांभ्याची तांबडी, पूर्वेला जाईल तशी काळी. मग "जूनमध्ये मिरचीचं रोप लावा" हे वाक्य खानापुरात आणि रायबागात एकच कसं लागू पडणार सांगा. तुमच्या परड्याला बसेल अशी माहिती तुमच्याच परड्यात तयार होत असते, रोज, ती कुणी लिहून ठेवत नाही म्हणून दरवर्षी नव्यानं शोधावी लागते. म्हणून ही वही. कुंड्या चार असूद्यात नाहीतर मागं अर्धा गुंठा असूदे, पद्धत तीच.

वही कसली घ्यायची ह्यात जास्त वेळ घालवू नका. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, शिवलेली, गणपत गल्लीत नाहीतर खडेबाजारात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते तसली. स्पायरलची नको, पानं सुटतात. लिहायला पेन्सिल वापरा, हे मात्र मी आग्रहानं सांगतो, कारण आपल्याकडं जून ते सप्टेंबर हाताला पाणी, वहीला ओल, नि जेल पेनाची शाई एका थेंबात पसरून जातेय, पेन्सिलचं लिहिलेलं भिजून वाळलं तरी वाचता येतंय. पेन्सिल दोरीनं वहीलाच बांधून टाका आणि वही मागल्या दाराजवळ खिळ्याला अडकवा. कपाटात ठेवलेल्या वहीत कोण लिहीत नाही, हात धुवायच्या आधी जी हाताला लागते तीच भरते.

वही दोन्हीकडनं सुरू करायची. पुढनं रोजची नोंद, तारखेवार. मागनं प्रत्येक झाडाला एक पान. दोन्ही का, तर तारखेवार लिहिलं की त्या आठवड्यात हवा काय होती नि कुठल्या झाडावर एकदमच काय झालं ते दिसतंय, आणि झाडाच्या पानावर त्या एका झाडाचा सगळा जन्म एकाठिकाणी दिसतोय. रोज दोन्हीकडं लिहायची गरज नाही. रोजचं पुढं लिहा, आणि रविवारी सकाळी चहा घेत बसला की त्यातलं महत्त्वाचं तेवढं मागच्या पानांवर उतरवा. दहा मिनिटांचं काम आहे.

पहिल्या पानावर परड्याचा नकाशा काढा. चित्र चांगलं यायला पाहिजे असं काही नाही, घर कुठं, विहीर नाहीतर टाकी कुठं, नारळ कुठं, कुंपणाची भिंत कुठं आणि उत्तर दिशा कुठली, एवढं दिसलं की झालं. मग त्यावर ऊन लिहायचं, हे फार कमी लोक करतात आणि झाडं मरायचं निम्मं कारण इथंच असतंय. बेळगावला मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत तो दुपारी उत्तरेच्या बाजूला असतो, आणि डिसेंबरात दुपारी बारालासुद्धा दक्षिणेकडं बराच खाली असतो. म्हणजे घराच्या उत्तरेकडची जागा मेमध्ये रखरखीत आणि डिसेंबरात दिवसभर घराच्या सावलीत. मेमध्ये "इथं ऊन भरपूर आहे" म्हणून तिथं वाफा केला आणि थंडीत टोमॅटो लावला तर तो नुसता लांबत जाणार, फुलणार नाही. म्हणून मेच्या सुरुवातीला एकदा आणि २१ डिसेंबरच्या आसपास एकदा, सकाळी नऊ, दुपारी बारा नि चारला बाहेर जाऊन सावली कुठपर्यंत येतीय ते नकाशावर रेघ मारून ठेवा, दोन्ही वेळेला वेगवेगळा रंग घ्या. गल्लीतल्या लाइटचा खांब असेल तर तोपण नकाशात दाखवा, कारण शेवंती रात्र मोठी व्हायला लागली की कळ्या धरते, आणि रात्रभर लाइटखाली असलेल्या झाडाला रात्र मोठी झालेली कळतच नाही, त्याचं फुलणं लांबतंय.

आता झाडाचं पान. वर झाडाचं नाव, जात माहिती असेल तर जात, नर्सरीवाल्यानं कन्नडात सांगितलं असेल तर त्यानं सांगितलं तसंच लिहा. कुठनं आणलं, कधी, किती रुपयाला. बी, रोप, फांदी की कलम. कलम असेल तर डोळा कुठं बांधलाय त्याची उंची लिहा, कारण त्याच्या खालनं फुटलेला धुमारा काढायचा असतो आणि दोन वर्षांनी जोड दिसेनासा होतो. कुंडी असेल तर किती इंची, माती काय काय मिसळून भरली, नकाशातल्या कुठल्या जागेला आहे. आणि झाडाला नंबर द्या. जास्वंद १, जास्वंद २ असं. लेबल लावताना प्लास्टिकच्या पट्टीवर मार्करनं लिहिलेलं आपल्या उन्हात एका उन्हाळ्यात पुसलं जातंय, त्यापेक्षा कोल्ड्रिंकचा ॲल्युमिनियमचा डबा कापून पट्ट्या करा, कडा जरा दुमडा म्हणजे हात कापणार नाही, आणि रिकाम्या बॉलपेननं दाबून नंबर लिहा, अक्षर पत्र्यात खोल उमटतं, पावसानं जात नाही. लेबलावर नंबर पुरे, बाकी सगळं वहीत.

रोजच्या नोंदीत काय लिहायचं? तारीख, नक्षत्र, पाऊस, आणि काय बघितलं काय केलं ते. बस. उदाहरण देतो म्हणजे कळेल.

"१० जून, मृग. रात्री पाऊस २२ मिमी. दोडका सहा बिया, मागल्या भिंतीकडं, दोन आळ्यात तीन तीन. माती ओली पण चिखल नाही."

"१७ जून. दोडका चार वर आले. दोन उकरून बघितल्या, कुजल्यात."

"२ ऑगस्ट. दोडक्याला पहिलं फूल, नर. संध्याकाळी उमललं."

"११ ऑगस्ट. पहिली मादी कळी, देठाला बारीक दोडका दिसतोय."

एवढ्या चार ओळींत बघा किती आहे. वेलाला आधी नर फुलं येतात, मादी नंतर, हे माहीत नसलेला माणूस पहिली फुलं गळली की घाबरून खत ओततो. दोन तारखा लिहिल्या असल्या की पुढच्या वर्षी तुम्ही निवांत थांबताय. आणि दोडक्याचं नि दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, काकडीचं नि कारल्याचं सकाळी, हेही वहीत आलं की हातानं परागकण लावायचे झाले तर कुठल्या वेळेला जायचं ते समजतं.

नक्षत्र का लिहायचं ते सांगतो, ही नुसती जुनी सवय नाही. आपल्यातली मोठी माणसं "गणपतीत काकडी संपली" असं सांगतात, पण गणपती २०२३ ला १९ सप्टेंबरला होता, २०२४ ला ७ सप्टेंबरला आणि २०२५ ला २७ ऑगस्टला. तीन आठवड्यांचा फरक. झाडाला तिथी कळत नाही, त्यामुळं सणावरनं वर्षं ताडून बघायला गेलं की हिशोब चुकतोय. पावसाची नक्षत्रं मात्र सूर्यावर चालतात, मृग दरवर्षी ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, मग तरणा म्हणजे पुनर्वसू, म्हातारा म्हणजे पुष्य, आश्लेषा, मघा करत हस्त सप्टेंबरच्या शेवटाला आणि स्वाती ऑक्टोबरच्या शेवटाला, एकाद दिवस पुढंमागं. एकेक नक्षत्र साधारण साडेतेरा-चौदा दिवसांचं. म्हणजे वर्षाचे तयार पंधरवडे आपल्याकडं आहेतच, आणि घरातल्या आज्जींना "आर्द्रात काय लावत होता" विचारलं तर त्यांना लगेच आठवतं, "जूनच्या शेवटच्या आठवड्यात" म्हटलं तर आठवत नाही. त्यांचं ते सांगणंही वहीत उतरवून घ्या, एक वेगळं पान करा त्याला, कुठल्या झाडाची फांदी कुठनं आणली, जुन्या विहिरीला पाणी कधी आटायचं, मागच्या कोपऱ्यात आधी काय होतं. हे दुसरीकडं कुठंच लिहिलेलं नसतंय.

पाऊस मोजायला यंत्र आणायला नको. सरळ उभ्या बाजूंची काचेची बरणी नाहीतर पत्र्याचा डबा, तोंड नि बूड सारखंच रुंद असलेला, छपराच्या पागोळीपासून नि झाडाच्या फांदीपासून लांब, जमिनीपासून दोन फूट उंचीवर विटांवर ठेवा म्हणजे खालचं पाणी उडून आत जाणार नाही. सकाळी साडेआठला पट्टी आत उभी धरा, जेवढे मिलिमीटर तेवढा पाऊस, मग डबा रिकामा. साडेआठ ही हवामान खात्याची वेळ आहे, तीच धरली तर पेपरात येणाऱ्या आकड्याशी ताडता येतं. प्लास्टिकची बाटली कापून करणार असाल तर तिचं बूड खालवर असतं, आत खडे नि पाणी घालून जिथनं बाजू सरळ होतात तिथपर्यंत भरा आणि ती रेघ शून्य समजा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. बारा इंची कुंडीला १० मिमी पावसाचं पाणी पाऊण लिटरसुद्धा मिळत नाही, आणि पानं दाट असतील तर त्यातलं बरंच बाहेर ओघळतं. म्हणून जुलैमध्ये रिपरिप चालू असतानाही गॅलरीच्या कडेच्या कुंड्या आतनं कोरड्या सापडतात. आकडा लिहिला, बोट मातीत दोन पेरं घालून बघितलं, आणि "ओली" की "कोरडी" एवढा एक शब्द लिहिला की कुठल्या कुंडीला पावसाळ्यातही पाणी लागतंय ते महिन्याभरात कळतं.

बियांची नोंद वेगळी ठेवली तर बरं पडतं, मधल्या दोन पानांवर तक्ता करा. काय पेरलं, कधी, किती बिया, कधी उगवलं, किती उगवलं. ताडून बघायला साधारण दिवस असे आहेत, मेथी तीन-चार दिवसांत, मुळा तीन ते पाच, टोमॅटो आठवड्याभरात, भेंडी पाच ते सात, वांगं सात ते दहा, कोथिंबीर आठ ते बारा आणि तीपण धणे जरा रगडून दोन केले तर, मिरची आठ ते पंधरा, गाजर दहा ते पंधरा. थंडीत ह्यापेक्षा जास्त लागतात, आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीची पहाट चांगली गार असते. मिरचीला बारा दिवस झाले नि काही दिसत नाही म्हणून वाफा उकरून टाकू नका. पंधराच्या पुढं गेलं तर मात्र बी जुनं किंवा खोल गेलेलं, तसं लिहा आणि परत पेरा. रोप उपटून दुसरीकडं लावलं की तीही तारीख घाला, टोमॅटोचं रोप पंचवीस-तीस दिवसांचं लावायच्या लायकीचं होतं, मिरचीला पाच-सहा आठवडे लागतात.

आता रोग-किडी, वही खरी उपयोगाला येते ती इथं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नियम एकच, नाव लिहायच्या आधी दिसतंय ते लिहा. "रोग पडला" ह्या दोन शब्दांतनं पुढच्या वर्षी काहीच समजत नाही. कुठली पानं, कोवळी की जुनी, वरनं की खालनं, एकच फांदी की सगळं झाड, डाग कसले, कडेला की मधे, किडा दिसला का, मुंग्या चढतायत का. खालची जुनी पानं सगळी पिवळी पडत चालली तर नत्र कमी, शेंड्याची नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या तर लोहाची कमतरता, दोन्हीला "पान पिवळं" लिहिलं तर तुम्ही दरवेळी तेच खत टाकत बसणार. मिरचीची पानं वरच्या बाजूला वळली तर बहुतेक फुलकिडे, खालच्या बाजूला वळली आणि देठ लांबले तर कोळी कीड. मुंग्यांची ओळ झाडावर चढताना दिसली की मावा नाहीतर पांढरा ढेकण वर कुठंतरी आहेच, कारण त्यांच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या जातात. टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडून दबलं तर तो बुरशीचा रोग समजून फवारत बसू नका, बहुतेक वेळा पाणी कधी जास्त कधी बंद असं झाल्यानं फळाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून ते होतं, आणि तुमच्या वहीत मागच्या पंधरा दिवसांच्या पाण्याच्या नोंदी असल्या तर कारण तिथंच सापडेल.

लिंबाचं एक पान जरा मोठं ठेवा, लिंबावर सतत काहीतरी असतंच. कोवळ्या पालवीवर चांदीसारख्या वेड्यावाकड्या रेघा म्हणजे नागअळी. पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी दिसलं नि ते हललं तर ती लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी, मोठी झाली की हिरवी होते नि एका दिवसात फांदी बोडकी करते, हातानं वेचून काढली की पुरे, औषधाची गरज नाही. पानावर नि फळावर खडबडीत तपकिरी डाग, भोवती पिवळी कड, तो खैऱ्या, पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर पसरतो, म्हणून पावसाच्या आधीच रोगट फांद्या कापून जाळा नि कापल्याची तारीख लिहा. नवी पालवी कधी फुटली हे लिंबाच्या पानावर दरवेळी लिहा, वरच्यातलं बरंचसं पालवीबरोबरच येतं, दोन वर्षांच्या तारखा हाताशी असल्या की कुठल्या आठवड्यात रोज पानं उलटून बघायची ते आधीच कळतं.

हुमणीसाठी, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीसाठी, तर वळवाची तारीख सोन्याची आहे. पहिला चांगला वळीव पडला की त्या संध्याकाळपासनं अंधार पडताना तपकिरी भुंगेरे जमिनीतनं बाहेर निघतात, कडुलिंबावर, बाभळीवर, बोरीवर जाऊन पानं खातात, तिथंच जुळतात नि परत मातीत अंडी घालतात. मग जुलै ते सप्टेंबर त्यांच्या अळ्या मुळं खात बसतात आणि वरनं झाड नुसतं सुकलेलं दिसतं. मुळांशी गेलेली अळी हुडकणं अवघड, पण त्या पहिल्या काही संध्याकाळी फांद्या हलवून भुंगेरे गोळा केले आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकले तर पुढचा त्रास फार कमी होतो. वहीत वळीव कधी, भुंगेरे कधी, कुठल्या झाडावर, ह्या तीन गोष्टी पाहिजेतच. शेजारच्या अक्कांनापण सांगा, एकट्याच्या परड्यात वेचून उपयोग अर्धाच होतो.

जुलै-ऑगस्टात गोगलगायी. संध्याकाळी भिजवलेलं पोतं वाफ्याच्या कडेला टाकायचं, सकाळी खाली जमलेल्या वेचून मिठाच्या पाण्यात. किती सापडल्या तो आकडा लिहा, आकडा रोज कमी होत गेला तर उपाय लागू पडला, नाही झाला तर त्या कुठल्यातरी ढिगातनं येतायत, विटांचा नाहीतर नारळाच्या झावळ्यांचा ढीग असेल तो हलवा.

फवारणीची नोंद: काय, किती पाण्यात किती, कुठल्या वेळेला, त्यानंतर पाऊस कधी आला. उदाहरणार्थ कडुलिंबाचं तेल लिटरला ५ मिली, थोडा साबण घालून, संध्याकाळी. रात्री पाऊस आला तर ती फवारणी धुऊन गेली, हे लिहिलं नाही तर "कडुलिंबाचं तेल मारून काही होत नाही" असा उगीच ग्रह होऊन बसतो. खायच्या भाजीवर दुकानातलं औषध मारलंच तर डब्यावर किती दिवसांनी तोडायची ते छापलेलं असतं, तो दिवस मोजून ती तारीख वहीत मोठ्या अक्षरात घाला आणि घरात सगळ्यांना सांगा. खताचंही असंच, शेणखत किती टोपल्या, जीवामृत केलं असेल तर त्याचं माप. दहा लिटर पाण्याला अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन नि मूठभर बांधावरची माती, असं लिहिलेलं असलं की दरवेळी विचारत फिरायला नको.

फोटो काढा, पण फोटो वहीची जागा घेत नाही. फोनमध्ये हजार फोटो असतात, त्यातला मागच्या ऑगस्टमधला दोडक्याच्या पानाचा कुठला ते कोण हुडकणार. एक युक्ती आहे, फोटो काढताना झाडाच्या शेजारी त्याची नंबराची पट्टी धरा म्हणजे ती फोटोतच येते, आणि वहीत त्या तारखेला फक्त "फोटो" लिहा. मोठ्या झाडांचा फोटो महिन्यातनं एकदा त्याच जागेवरनं काढा, पायाखाली एक वीट पुरून ठेवा जिथं उभं राहायचं तिथं.

वर्षभरात काही तारखा अशा आहेत की त्या चुकवू नका. मोगऱ्याच्या तीन, पाणी कधी तोडलं, छाटणी कधी केली, पहिली कळी कधी. नोव्हेंबरच्या शेवटापासनं पाणी कमी करत नेऊन मोगऱ्याला ताण देतात, मग छाटून, खत घालून पाणी चालू करतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला कळ्या येतात. ह्या तीन तारखांमधलं अंतर तुमच्या जागेला किती बसतंय ते दोन वर्षांत कळलं की कळ्या कधी धरणार ते आधी सांगता येतं, घरात लग्नकार्य असेल तर फार उपयोगी. आंब्याचा मोहर कधी निघाला, त्या दिवसांत धुकं नि ढगाळ हवा किती दिवस, तुडतुडे कधी दिसले, वाटाण्याएवढी फळं कधी गळाली. हापूस एक वर्ष भरभरून लागतो आणि पुढच्या वर्षी विसावा घेतो, त्यामुळं आंब्याचा निवाडा एका वर्षाच्या नोंदीवर करू नका, निदान चार वर्षं तरी लिहा. पेरू कुठल्या बहराचा, पावसाळ्यातल्या पेरूत फळमाशीच्या अळ्या जास्त, थंडीतला गोड नि स्वच्छ, तोडताना लिहून ठेवलं तर कुठला बहर ठेवायचा ते तुमचं तुम्हीच ठरवाल. भोपळ्याच्या पानावर भुरी कधी दिसली, ती बहुतेक पाऊस संपून दव पडायला लागलं की येते. थंडीतली मेथी, मुळा, गाजर, वाटाणा, ह्यांना आपली हवा फार मानवते, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं थोडं थोडं पेरा आणि कुठली खेप सगळ्यात चांगली आली तेवढं लिहा, बाकी त्यांच्यावर जास्त लिहायला नको.

आणि उन्हाळ्याचं पाणी. मार्च ते मे नळ किती दिवसाआड आला, बोअरला पाणी कधी कमी झालं, टँकर मागवला का, आणि त्या दिवसांत कुठली झाडं तग धरून राहिली, कुठली गेली. अबोली, जास्वंद, कढीपत्ता, ओवा, कोण किती दिवस बिनपाण्याचं राहिलं ही यादी तुमच्या घरच्या पाण्यावरच तयार होणार. पुढल्या वर्षी नर्सरीत गेला की नवीन रोप उचलायच्या आधी ह्या पानाकडं बघा.

वही वाचायची पण असते. रोहिणी निघाली की, म्हणजे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पावसाच्या आधी एक दुपार काढा आणि मागल्या जूनपासनं सगळी वाचून काढा. वाचताना शेवटच्या पानावर "यंदा" असं लिहून खाली ठरवून ठेवा, दोडका आर्द्राच्या आधी लावायचा, भिंतीकडची जागा थंडीत रिकामी ठेवायची, लिंबाच्या फांद्या वळवाच्या आधी कापायच्या. पाच-सहा गोष्टी पुरेत. एखाद्या झाडाला तीन वर्षं सगळं करून फळ नाही तर वहीच तसं सांगेल आणि ते काढून दुसरं लावायला मन धजावेल.

काही वेळा आपल्याला कळत नाही असं होतं, तेव्हा वही घेऊनच जाणत्यांकडं जा. आपल्या जिल्ह्यात अरभावीला फलोत्पादन कॉलेज आहे, बैलहोंगलकडं मत्तिकोप्पला कृषी विज्ञान केंद्र आहे, धारवाडचं कृषी विद्यापीठही लांब नाही. नुसतं वाळलेलं पान दाखवलं तर त्यांनाही अंदाजच करावा लागतो, पण किती दिवसापासनं, पाऊस किती झाला होता, काय खत घातलं होतं, आधी कुठलं पान गेलं, हे समोर उघडं धरलं तर उत्तर नेमकं मिळतं. कन्नड लिहिता-बोलता येत नसेल तर तारखा नि आकडे दाखवले तरी निम्मं काम होतं. आणि दारात आंबा, चिंच, फणस असलं एखादं मोठं झाड असेल तर सीझनवॉच म्हणून एक उपक्रम आहे, देशभरातली माणसं, शाळेतली पोरं, आपल्या एका झाडाची दर आठवड्याला पालवी, फुलं, फळं किती ते त्यात नोंदवतात. घरात शाळकरी पोरं असतील तर त्यांच्याकडं ते झाड सोपवा, वहीतलं त्याचं पानही त्यांनाच लिहूद्यात.

शेवटी बियाणं. घरचा वाल, घरची काकडी, संकेश्वरी मिरची, असलं जुनं बी ज्यांच्याकडं आहे त्यांनी तर वही ठेवलीच पाहिजे, कारण बी कुठल्या वेलाचं धरलं हे लिहिलं नसलं तर चार वर्षांत चांगली जात मिसळून जाते. मिरचीच्या फुलात माश्यांनी दुसऱ्या जातीचे परागकण आणून टाकले तर पुढल्या पिढीत तिखटपणा नि आकार बदलतो, म्हणून शेजारी दुसरी मिरची होती का तेही लिहा. बियाला ठेवायचं फळ पहिल्या बहरातलं, निरोगी झाडाचं, त्याच्या देठाला रंगीत दोरा बांधा, घरातलं कोण चुकून तोडू नये म्हणून. बी सावलीत वाळवून कागदी पाकिटात घाला, पाकिटावर झाडाचा नंबर, वहीतलं पान नंबर आणि वर्ष. पेरायच्या दहा दिवस आधी त्यातल्या दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, फडकं सुकू देऊ नका, किती मोड येतात ते मोजा नि पाकिटावर नि वहीत दोन्हीकडं लिहा. आठ-नऊ आल्या तर नेहमीसारखं पेरा, पाच आल्या तर आळ्यात दुप्पट बिया टाका, दोन-तीनच आल्या तर त्या मोड आलेल्याच जपून कुंडीत लावा आणि ह्या वर्षी त्यांचं सगळं बियालाच ठेवा.